वेडी, सरम आणि तंजावरचा जानवास

आमच्या संस्थेने तंजावरला पाठवण्यासाठी माझी निवड केली, यात माझ्या विद्वत्तेचा काही संबंध नव्हता. बाकीच्या दोघांना तिखट सोसत नव्हतं, एवढंच.

ही साठच्या दशकातली गोष्ट. संस्था म्हणजे पुण्यात एका वाण्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. जगातल्या कुठल्या देशाने कुणाला तोफा विकल्या, कुणी कुणाकडून विमानं घेतली, याच्या बातम्या मिळतील तिथून गोळा करायच्या, एकमेकींशी ताडून बघायच्या आणि छापायच्या, हे आमचं काम. आमच्या प्रमुखांचा सिद्धांत साधा होता. शेजाऱ्याच्या घरात काय आहे ते ठाऊक असलं की निम्मी भीती जाते. ठाऊक नसलं की माणूस आपल्या मनाने त्यात भर घालतो. म्हणून सगळ्या देशांनी आपण काय घेतलं, काय विकलं, ते एकमेकांना आपण होऊन सांगावं. देश अजून ऐकत नव्हते, पण खालचा वाणी ऐकायचा आणि मान डोलवायचा.

तर या कामाला थोडा इतिहासाचा पाया असावा असं प्रमुखांच्या मनात आलं. तंजावरचं मराठी राज्य, समोर समुद्र, आणि किनाऱ्यावर डच, डॅनिश, फ्रेंच, इंग्रज असे सगळे दुकान मांडून बसलेले. कोणी कोणाला बंदुका विकल्या आणि शेजारच्या राजांना त्याचा पत्ता कितपत लागला, हे बघून यायचं होतं. मी धोतर, छत्री आणि एक जाड भिंग घेऊन निघालो. प्रवासात काय झालं ते सांगत नाही. रेल्वेत जे होतं तेच झालं.

तंजावर

माझे यजमान पंचनदराव, तिथले वकील. घराणं दोन-अडीचशे वर्षं तंजावरात मुरलेलं. मराठी बोलत ते, पण असं की माझ्या पणजोबांच्या तोंडातून तमिळ गाणं ऐकतोय असं वाटावं. ‘सगळे’ला ‘अस्के’ म्हणत, ‘छान’ला ‘चोखोट’, ‘होय’ला ‘हव’. मी पहिल्याच दिवशी त्यांना ऐकवलं, की तुमच्या मराठीत तमिळ फार शिरलंय. ते शांतपणे म्हणाले, “हव की. आणि तुमच्या मराठींत काय शिरलंय, तें तुम्हांस ऐकूं येत नाहीं.”

पानावर बसलो. केळीच्या पानावर भात, त्यावर आंबट वरण. हेच पुढे सगळ्या मद्रास इलाख्यात सांबार म्हणून मिरवतं, असा पंचनदरावांचा दावा. त्यांच्या पत्नीला सगळं गाव मामी म्हणत असे, म्हणून मीही मामीच म्हणू लागलो. मामी वाढत होत्या आणि पंचनदराव घरातली खबर देत होते. मुलीचं, कावेरीचं, लग्न पंधरवड्यावर आलं होतं. सोयरे जवळच्याच पापनाशम गावचे. नवरामुलगा रघुनाथ, कॉलेजात रसायनशास्त्राचा अध्यापक.

“तयारी अस्की झाली,” पंचनदराव म्हणाले. “वेडीही आणून ठेवली.”

माझा घास थांबला. “कुणाला?”

“वेडी हो. मधल्या खोलींत ठेवली आहे, कुलूप लावून. दिवा घेऊन तिकडे जाऊं नका. भडकली तर घर राहणार नाहीं.”

“पण... लग्नाला?”

“लग्नालाच! वेडी नसली तर लग्नाची शोभा काय?”

परमुलखातले रिवाज. मी पुढचा भात कालवला. आपल्याकडे तरी लग्नात कुठल्या कुठल्या आत्याबाईंना सांभाळून घ्यावं लागतंच. पण माझं जेवण काही नीट गेलं नाही. दुपारी घर झोपलं तेव्हा मी हळूच मधल्या खोलीपाशी गेलो. आत अगदी सामसूम. दाराला फट होती. मी खिशातलं केळं काढलं, फटीतून आत सरकवलं आणि शक्य तितक्या मायेने म्हणालो, “बाई, खाऊन घ्या. मी कुणाला सांगणार नाही.”

पाठीमागून आवाज आला, “मामा, कोणाशीं बोलताहांत?”

ती कावेरी. हातात पुस्तक, नाकात चमकी, आणि चेहऱ्यावर हसू दाबण्याचा प्रयत्न. मी खरं ते सांगितलं. मग मात्र ती खांबाला धरून हसली. हसता हसता तिने मामींना हाक मारली, मामींनी स्वयंपाक्याला, आणि संध्याकाळपर्यंत पुण्याच्या पंडिताने फटाक्यांना केळं खाऊ घातल्याचं त्या रस्त्यावर कुणाचं ऐकायचं राहिलं नाही. ‘वेडी’ म्हणजे तमिळमध्ये दारूकाम, फटाके.

“अजून काय काय शब्द आहेत ते सांगून टाक,” मी कावेरीला म्हटलं. “एकदाच काय तो अपमान होऊ दे.”

तिने शिकवलं. तुप्पाकी म्हणजे बंदूक. तुपाशी संबंध नाही. गुंडु म्हणजे गोळा. फटाक्यांची लड ती सरम. आणि तोफ म्हणजे पीरंगी. हा शब्द ऐकून माझ्यातला संशोधक जागा झाला. पीरंगी म्हणजे फिरंगी! आपल्याकडेही परदेशी पात्याच्या तलवारीला फिरंग म्हणतच. विकणारे निघून गेले, राज्यं बुडाली, पण मालावरचं दुकानदाराचं नाव लोकांच्या जिभेवर राहिलं. मी तीन दिवस या शोधाच्या धुंदीत होतो. एक शब्द कळला की भाषाच कळली असं वाटणाऱ्या जातीचा मी माणूस.

पापनाशमची हेरगिरी

जानवसा म्हणजे आपल्याकडे वरपक्ष उतरतो ती जागा. तंजावरच्या मंडळींनी हा शब्द तमिळ मुलखाला दिला आणि तिथे त्याची मिरवणूक झाली. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाला उघड्या मोटारीत बसवून, नागस्वरम वाजवत गावातून फिरवतात, तो जानवासम. आणि मोटारीच्या पुढे वेडी.

पंचनदरावांना एकच घोर लागला होता. वरपक्षानेही वेडी आणली आणि ती आपल्यापेक्षा जास्त निघाली तर? आपल्याच गावात, आपल्याच रस्त्यावर पापनाशमकरांचा आवाज मोठा!

“अहो पुणेकर,” ते मला म्हणाले, “कोणाकडे किती दारूगोळा हें शोधणें तुमचा धंदाच कीं. एकदां जाऊन या पापनाशमास.”

शास्त्राला असं आव्हान कोणी दिलं की मला नाही म्हणता येत नाही. मी व्याह्यांसाठी एक फणस घेतला आणि बसमध्ये बसलो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मध्ये पाण्याचे पाट, आणि मांडीवर फणस. पापनाशम येईपर्यंत त्या फणसाने माझ्या धोतराशी इतकी सलगी केली होती, की आम्ही दोघे एकत्रच उतरलो.

रघुनाथचे वडील माधवराव उंच, मितभाषी गृहस्थ. कॉफी आली, बाहेर वाटी आणि आत पेला. मी पेला तोंडाला लावला तर घरातले सगळे माझ्याकडे बघू लागले. तिथे वरून धार सोडून पितात. मी धार सोडली. ती सदऱ्यावर पडली. मोरीवर सदरा धुताना मागच्या अंगणातलं बोलणं कानावर आलं. रघुनाथची आई कुणाला तरी बजावत होती, “सरम गाडी भरून पाहिजेत. मोटारीच्या दोहीं बाजूंस सोडायची. आणि ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवा, ऊन लागूं देऊं नका.”

गाडी भरून सरम! माझ्या अंगावर काटा आला. ओल्या गोणपाटाचं ऐकून तर मी मनात त्या बाईंना मानलंच. स्फोटक माल थंड ठेवण्याची केवढी शास्त्रशुद्ध पद्धत! असला शेजारी खरा धोकादायक.

तंजावरला परतून मी अहवाल दिला. पंचनदरावांनी ताबडतोब वेडीवाल्या दुकानदाराला बोलावलं. तो पापनाशमलाही माल पुरवायचा. “त्यांच्याकडे गाडीभर आहे म्हणतात, खरं का?” या प्रश्नावर त्याने खालमानेने असं काही स्मित केलं, की त्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, आणि दुप्पट माल विकून गेला. जगातल्या मोठमोठ्या तोफविक्यांबद्दल मी इतकी वर्षं वाचलं होतं, ते स्मित मात्र प्रथमच पाहिलं.

मधली खोली भरली. मग पडवी भरली. पडवीला लागून चूल, आणि अंगणात नारळाच्या झावळ्यांचा मांडव. मामींनी कमरेवर हात ठेवून विचारलं, “हें लग्न आहे कीं लंकादहन? तुमची मुलगी सीता, तर शेपूट कोणाचं?”

पंचनदरावांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचं सौजन्य.

इतकं झालं तोवर हसण्यावारी होतं. पण दुकानदार आता पापनाशमला गेला आणि तंजावरात केवढा साठा झालाय ते रंगवून सांगून आला. दुसऱ्या दिवशी माधवरावांचा निरोप घेऊन त्यांचा पुतण्या आला. निरोप असा, की वेडी उडणार असेल तर रघुनाथ उघड्या मोटारीत बसणार नाही. कारण विचारूं नये.

“कारण विचारूं नये?” पंचनदराव उसळले. “स्वतः गाडीभर जमवून मज सांगतात वेडी नको! म्हणजे आम्हीं गप्प, आणि त्यांचीं सरम तडतडणार! जानवासम नाहीं तर लग्नही नाहीं, जाऊन सांग!”

मामींच्या हातातली पळी खाली पडली. कावेरी दारात उभी होती. ती वळून आत गेली.

थोड्या वेळाने ती ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसली. आता चेहऱ्यावर हसू नव्हतं.

“मामा, मज तें स्थळ आवडलं आहे,” ती म्हणाली. “एकदांच बोललें त्यांशीं. रसायनशास्त्र सोडून अस्के विषय बोलले. अप्पांनी एकदां तोंडाबाहेर काढलं तर परत घेत नाहींत. तुम्हीं बघून आलांत, तुम्हींच पुन्हां जा. आणि ह्या वेळीं चोरून ऐकूं नका. विचारा.”

आमच्या प्रमुखांचा सगळा सिद्धांत त्या पोरीने एका शब्दात सांगितला. मला तो सुचला नव्हता, कारण मी तज्ज्ञ होतो.

पुन्हा पापनाशम

या खेपेला फणस नेला नाही. माधवरावांपुढे बसलो आणि सरळ म्हणालो, “तुमची सरम मला दाखवा. मग मी तुम्हाला तंजावरची खोली उघडून दाखवतो. दोघांनी बघावं, म्हणजे वादच नको.”

माधवराव गोंधळले. “सरम? आतां कशीं दाखवूं? अजून बांधलीं नाहींत.”

“घरीच बांधता?” मी दचकून विचारलं.

“घरीं नाहीं. ती म्हातारी बांधते. या.”

देवळाच्या भिंतीच्या सावलीत एक म्हातारी बसली होती. पुढ्यात ओलं गोणपाट, त्यावर मोगऱ्याच्या कळ्यांचा ढीग. बोटांनी ती कळ्या दोऱ्यात अशी गुंफत होती, की बघता बघता हातभर सर झाला. सर! आपल्याच आजीच्या गळ्यातला, आपल्याच देवाच्या अंगावरचा सर. सरम फटाक्यांचीही असते आणि फुलांचीही, हे सांगायला कावेरी विसरली होती, आणि विचारायला मी.

“ही... ही गाडीभर फुलं?” मी म्हटलं.

“मोटार झांकायची आहे,” माधवराव म्हणाले. “तुम्हांस काय वाटलं?”

मी सांगितलं. वेडीला केळं दिलं तिथपासून सांगितलं. म्हातारीला मराठी येत नव्हतं, पण माझे हातवारे बघून ती बोळक्या तोंडाने हसू लागली. माधवराव हसले नाहीत. “फटाका आमच्याकडे एकही नाहीं,” ते एवढंच म्हणाले. “तरीही आमचा निरोप तोच. वेडी नको. आणि कारण विचारूं नये.”

आता मात्र मी चक्रावलो. ज्याच्याजवळ काहीच नाही, तो एवढं लपवतो काय?

रघुनाथ मला बसथांब्यापर्यंत पोचवायला आला. सडसडीत, चष्मेवाला, गोड बोलणारा मुलगा. भाताच्या जातींबद्दल बोलत होता. तेवढ्यात थांब्यावर उभ्या असलेल्या एका जुन्या लॉरीने सुरू होताना फाट् असा आवाज केला. मी वळून बघितलं तर शेजारी रघुनाथ नाही. तो माझ्या मागे होता, उकिडवा, आणि त्याने माझी छत्री दोन्ही हातांनी धरली होती.

लॉरी गेली. तो उठला, चष्मा सारखा केला.

“लहानपणापासून आहे,” तो म्हणाला. “दिवाळींत मी तांदळाच्या कोठींत जाऊन बसत होतों. वर्गांत बंदुकीच्या दारूचं समीकरण फळ्यावर लिहितों, तेव्हांही खडू थरथरतो. विद्यार्थ्यांस वाटतं मी रागावलों.”

“मग सांगायचं ना तंजावरला!”

“काय सांगायचं? जांवई फटाक्यास भितो? कावेरीच्या अप्पांनीं अस्कं सहन केलं असतं, हें कसं करतील? तुम्हींही कोणास सांगूं नका.”

मी बसमध्ये बसलो आणि मला फार अवघड वाटू लागलं. देश आपल्या तोफा लपवतात असं समजून आम्ही पुण्यात बसून त्या मोजत होतो. इथे एका घराने रिकामी कोठारं लपवली होती. आणि मी वचन दिलं होतं. पोटात गोष्ट ठेवण्याची मला सवय नाही. पापनाशम ते तंजावर एवढ्या अंतरातच मला ढेकर येऊ लागले. शेवटी ठरवलं, की मी सांगायचं नाही. ज्याचं त्याने सांगायचं. मी फक्त जागा द्यायची.

पीरंगीच्या टेकाडावर

तंजावरच्या पूर्वेच्या वेशीजवळ एका टेकाडावर एक अवाढव्य लोखंडी तोफ आहे. तिच्या तोंडात दोन मांजरं सहज झोपतात, मी बघितली. माझ्या संशोधनासाठी ती मोजायची आहे, आणि मोजायला रसायनशास्त्राचा जाणकार हवा, असं मी दोन्ही घरी जाहीर केलं. लोखंड मोजायला रसायनशास्त्र कशाला, हे मामींनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, “टेप धरायला कावेरीसही न्या. आणि मी येतें, छत्री धरायला.”

संध्याकाळी आम्ही चौघे टेकाडावर. वारा सुटला होता, खाली नारळीच्या शेंड्यांतून मोठ्या देवळाचं शिखर दिसत होतं. मी टेपचं एक टोक घेऊन तोफेच्या तोंडाकडे गेलो, मामींना तिथेच गुंतवलं, आणि तोफ लांब असल्याचे देवाचे आभार मानले. दुसऱ्या टोकाला ती दोघं. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. टेप मात्र आधी थरथरला, मग बराच वेळ स्थिर राहिला, आणि शेवटी सैल पडला.

“मोजून झालं कां?” मामींनी विचारलं.

“झालं,” कावेरी तिकडून म्हणाली. “बरोबर भरलं.”

घरी आल्यावर ती वडिलांपुढे जाऊन उभी राहिली. “अप्पा, जानवासास वेडी नको. मज भीति वाटते.”

पंचनदराव बघतच राहिले. जिने वयाच्या सातव्या वर्षी हातात लवंगी पेटवून शेजारच्या वकिलाच्या ओसरीवर फेकली होती, आणि ज्यांनी त्या वकिलाची समजूत काढली होती, तेच हे दोघे.

“तुज?” ते म्हणाले.

“हव.”

त्यांनी मामींकडे बघितलं. मामी तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझं भिंग पुसत होतो. वकील माणूस. साक्षीदार कधी खोटं बोलतो आणि कुणासाठी बोलतो, ते त्यांना कळायचंच. बराच वेळ त्यांनी सुपारी कातरली.

“भीति वाटते तर वाटते,” ते म्हणाले. “त्यांत लाज कसली? आपल्या घरांतलंच माणूस आहे.”

आणि ‘माणूस’ म्हणताना ते पापनाशमच्या दिशेने बघत होते.

जानवासम

मोगऱ्याने झाकलेली मोटार मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. ड्रायव्हरला पुढचं दिसायला फुलांत एक खिडकी ठेवली होती. नागस्वरम आणि त्याच्या जोडीचा ढोल, तविल, असे वाजत होते, की फटाक्याची आठवण कुणाला झाली नसेल. तविलचा दणका ऐकून रघुनाथ दचकेल अशी मला धास्ती. पण त्याचं लक्ष वरच्या सज्ज्यातल्या एका नाकातल्या चमकीकडे होतं. मी मोटारीबरोबर चालताना उत्साहाने मागे सरलो आणि गटारात एक पाय घातला. तंजावरकरांनी मला काढलं आणि पुढे निघाले. त्यांना माझी सवय झाली होती.

लग्न लागलं, जेवणं झाली, पानं उठली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड निघायच्या आधी सगळे ओसरीवर बसले होते. पंचनदराव प्रसन्न होते. ते मोठ्याने म्हणाले, “खोलींतली वेडी कांहीं वाया जात नाहीं हो! जांवयाची तलै दीपावळी आहेच कीं!”

लग्नानंतरची पहिली दिवाळी जावयाने सासरी करायची, पहाटे अभ्यंग करायचं आणि पहिला फटाका त्याने लावायचा, हा त्या मुलखाचा रिवाज. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रघुनाथला सांगायची गरज नव्हती. त्याच्या हातातलं तांबूल हातातच राहिलं. पंचनदरावांच्याही ते बोलून झाल्यावर लक्षात आलं. त्यांनी जीभ चावली आणि उगाच माझ्या पुण्याच्या गाडीची चौकशी सुरू केली.

कावेरी उठली. मधल्या खोलीत गेली आणि एक मत्ताप्पू, म्हणजे आपली फुलबाजी, घेऊन आली. “दीपावळीस अजून कित्ती महिने आहेत,” ती म्हणाली. “चला.”

“कोठें?”

“अंगणांत. एकच. आवाज नाहीं करत ही.”

भरदिवसा, सगळ्या वऱ्हाडासमोर ती त्याला तुळशीपाशी घेऊन गेली. त्याच्या बोटांत फुलबाजी दिली आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवला. ओसरीवर कुणी हसलं नाही. माधवराव उभे राहिले होते. पंचनदरावांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला होता. रघुनाथने डोळे गच्च मिटून मान दुसरीकडे वळवली, खांदे कानांपर्यंत आणले आणि दात आवळून वाट बघत राहिला. बराच वेळ तसाच उभा होता.

मग डोळे न उघडता, पण खूपच धीट आवाजात त्याने विचारलं, “संपली कां?”

“नाहीं हो,” कावेरी म्हणाली, “अजून पेटवलीच नाहीं.”